पट्टी

सगळे उतरत होते, आम्ही चढत होतो.
मेंढ्या, मेंढ्यांमागे कुत्री, कुत्र्यांमागे एक ट्रक,
ट्रकवर युर्ताचे लाल वासे, गुंडाळलेले नमदे,
एक शिलाई मशीन
आणि मशीनला कवेत घेऊन बसलेली सोनुनबूबू.
ती वरूनच काहीतरी ओरडली. बेर्मेत हसली.
मला म्हणाली, विचारतेय, वर कुणाला भेटायला निघालात,
सगळा उन्हाळा तर खाली चाललाय.

ट्रक थांबला नाही. मूठभर कुरुत मात्र
आमच्या दिशेनं उडालं: आंबट दह्याच्या वाळक्या गोळ्या,
खडूसारख्या. दोन मी झेलल्या, बाकीच्या गवतातून वेचल्या.

बेर्मेत माझी घरमालकीण. बिश्केकमध्ये तिच्या मागच्या खोलीत
मी तीन वर्षं हाडांची नावं पाठ करतोय.
माझी सॅक नवी, अठरा कप्प्यांची;
अठरांतल्या एकाही कप्प्यात हातमोजे सापडत नाहीत.
तिची कॅनव्हासची, रिकामीच चार किलो भरेल अशी,
वडिलांची.
डावा पट्टा उजव्यापेक्षा एक भोक आखूड.
ते डावीकडे झुकून चालायचे म्हणे,
घरात सगळ्यांना वाटायचं, सवय आहे.
मी म्हटलं, सारखा करून देऊ?
ती म्हणाली, नको.

किर्गिझमध्ये बापाला 'आता' म्हणतात.
त्यामुळे ती बोलायला लागली की माझा गोंधळ उडतो.
आता दर सप्टेंबरात इथं यायचा.
आता या दगडावर बसून सिगारेट ओढायचा.
आता नाही.

ऊन होतं तोवर शर्टाच्या बाह्या वर,
एक ढग सरकला
की सगळ्या हाडांना आपापली नावं आठवायची.
दुपारी गारा आल्या, साबुदाण्याएवढ्या,
कोरड्या, टोपीवरून उड्या मारत गेल्या.
खिंडीखाली घसरती खडी: दोन पावलं वर, दीड खाली.
नाडी एकशे चव्वेचाळीस. पुढे मोजणं सोडून दिलं.

पहिलं तळं घोड्यांचं,
काठ सगळा खुरांनी चिवडलेला.
दुसऱ्याला नकाशावर नाव नाही, नुसता आकडा.
तिथं रात्र काढली. पहाटे बाटलीतलं पाणी हलेना.

तिसरं त्याचं.
तळ्यात एक लोखंडी पट्टी ठोकलेली, तांबडे-पांढरे सेंटिमीटर.
वर्षातून एकदा यायचं, वाचायचं, वहीत लिहायचं:
तारीख, वेळ, पाणी, वारा.
देश बदलला, खातं बुडालं, पगार थांबला.
वहीत मात्र एकही सप्टेंबर कोरा नाही,
शेवटचे चार सोडून.
त्या चारांत तो पलंगावर होता, खिडकीकडे तोंड करून.

पाणी निळं नव्हतं.
दुधात राख कालवावी तसा रंग,
पलीकडे हिमनदीची मळकी जीभ, आत ओढून घेतलेली.
आणि पट्टी
कोरड्यात उभी. बुडाशी चिखल वाळून भेगाळलेला,
शून्यसुद्धा उघडं.

बेर्मेत वही उघडून तशीच थांबली.
शून्याच्या खाली काय लिहितात?
मी पट्टीपासून पाण्यापर्यंत चालत गेलो, साध्या चालीनं.
सतरा पावलं, मी ओरडलो.
कुणाची, तिनं विचारलं.
मी पायांकडे पाहिलं. बूट त्याचेच होते,
तिनंच कपाटातून काढून दिलेले,
दोन मोज्यांवर घट्ट बसणारे.

तिनं लिहायला घेतलं.
ते सगळं पाण्याच्या रकान्यात मावेना,
अक्षरं पुढच्या रकान्यात घुसली.
वारा लिहायला जागा उरली नाही.
वारा होता. पान फडफडत होतं,
म्हणून तिनं त्यावर कुरुताच्या दोन गोळ्या ठेवल्या.
शाई वाळल्यावर एक तिनं तोंडात टाकली, एक मी.
खिंड उतरेपर्यंत पुरली.