जोत्याची उंची

रखमाजी मिस्त्री नळीत पाणी भरतो,
एक टोक अंगठ्याने दाबून ठेवतो,
दुसरं माझ्या हातात देतो.
"बुडबुडा बघा, मॅडम. बुडबुडा राहिला
की पाणीसुद्धा खोटं बोलतं."

चौकातल्या भिंतीवर लाल रंगाची खूण आहे,
मी टोक तिथे धरून उभी.
तो नळी ओढत उताराने खाली जातो
शशिकला तांबटांच्या मोकळ्या प्लॉटवर.
आमच्या मधे एक रिक्षा, दोन गाई,
आणि अस्थींचा कलश घेऊन रामकुंड विचारणारं कुटुंब.
मी दुसऱ्या हाताने वाट दाखवते.
हलू नका, मिस्त्री खालून ओरडतो.

पाणी नळीत वर-खाली होतं,
दम लागल्यासारखं,
मग थांबतं.
त्या थांबण्यावर तो शेजारच्या भिंतीला
पेन्सिलीची रेघ मारतो.
जवळ जाऊन बघते:
माझ्या कपाळाच्याही वर.

"एवढं?" शशिकलाबाई विचारतात.
एवढं.
"म्हणजे गिऱ्हाइकानं बंब बघायला
जिना चढून यायचं?"
हो.
"सासऱ्यांचं दुकान रस्त्याला लागून होतं."
मला माहीत आहे. ते कुठे गेलं, तेही.

नियमावलीत मीटर असतात, दशांशाखाली दोन घरं.
गावात मारुती असतो.
गुडघ्याला पाणी लागलं, भांडी वरच्या फळीवर.
कमरेला लागलं, वही काखेत, शटर खाली.
गळ्याला लागलं
की कुणी काही बोलत नाही.
दुतोंड्याचं एक तोंड धरणाकडे बघतं
आणि दुसरं आमच्या ऑफिसकडे,
असं मला नोकरीला लागल्यापासून वाटत आलंय.

ऑफिसात नकाशावर निळी रेघ, लाल रेघ.
निळीच्या आत बांधायचं नाही.
दोन्हींच्या मधे बांधायचं, पण अटींवर:
जोतं लालच्या वर,
खाली राहायचं नाही, निजायचं नाही,
खाली नुसते खांब, आणि पाण्याला
आल्या वाटेने परत जाता येईल एवढी मोकळीक.
मीटरपेटी वर. तळघर नको.
हे वाचून दाखवताना माझा आवाज
पाढे म्हटल्यासारखा होतो.

अकरा वर्षांपूर्वी नासर्डीकाठच्या
एका नकाशावर मी 'पार्किंग' वाचलं आणि सही केली.
पार्किंगला खिडकी होती.
पार्किंगला खिडकी कशाला,
एवढं विचारता आलं असतं.
दुपार होती, फाइली फार होत्या,
पेन छान उतरत होतं.

त्या खिडकीआड कचरू बेंडकुळे वॉचमन
बायको-मुलीसह राहायला आला.
पाणी आलं रात्री दोनला.
वाचले तिघंही, टाकीवर बसून.
शिलाई मशीन वाचलं नाही.
सकाळी मुलीच्या वहीची पानं
त्यांनी पुलाच्या कठड्यावर वाळत घातली होती,
प्रत्येकावर एक खडा.
मी पंचनाम्याला गेले होते.
खडे मोजले. सत्तावीस.
फॉर्ममध्ये त्यांना रकाना नव्हता.

शशिकलाबाई पिशवीतून घागर काढतात,
चिखलातून निघालेली, बाहेरून लख्ख,
आतून अजून न घासलेली.
"आत बघा."
आत गाळाची कडी, गळ्याच्या जरा खाली,
अगदी आडवी, नळीतल्या पाण्यासारखी.
"ही विकायला काढलीच नाही कधी.
का, ते विचारू नका."

मी विचारत नाही.
त्या भिंतीवरच्या रेघेपर्यंत हात नेऊन बघतात,
टाचा उचलून. पुरत नाही.
"पायऱ्या रुंद करा, मिस्त्री.
आणि मधे टेकायला एक ओटा.
म्हाताऱ्या बायका दम खातील
तेवढ्यात मी भाव सांगेन."

रखमाजी नळी उलटी करतो.
पाणी फरशीवर जरा थबकतं,
मग उतार धरून निघतं, गाईच्या पायांमधून.
ते कुठे वळतं
बघत आम्ही तिघं उभे राहतो.
रिक्षावाला हॉर्न देतोय.