तारीख कळवू

शाळा पाडली तेव्हा
हा फळा भंगारात चालला होता, मी चाळीस रुपयांत सोडवला.
गिरणीच्या भिंतीवर दोन खिळे, बस.
वरच्या कोपऱ्यात अजून पुसट दिसतं: पट २९, हजर २६.
ते मी पुसलं नाही. पुसून जातही नाही.

नगरपालिकेचा बालाजी कोनाळे
सकाळी एक पाय जमिनीला टेकवून सांगतो, सायकलवरून उतरत नाही,
आणि मी पट्टा चालू ठेवून लिहितो.
पाणी: मंगळवारी, पहाटे साडेतीन ते सव्वाचार.
वरची गल्ली आधी. खालच्यांनी मोटर लावू नये, नावं माहीत आहेत.
घरपट्टी मार्चअखेर भरा, शास्ती माफ.
लेकरांना डोस, रविवारी, समाजमंदिरात.
डुकरं पकडणार आहेत. तारीख कळवू.
ही ओळ तीन वर्षं तशीच आहे,
‘कळवू’चा ऊकार तेवढा मी अधूनमधून गिरवतो.

खालची वीतभर जागा गल्लीची.
शिवी सोडून कुणी काहीही लिहावं.
जैनबीचं बोकड हरवलंय, डावा कान फाटका.
संदल गुरुवारी, बांगडीवाल्यांच्या बोळातून, गाड्या काढून घ्या.
पोरींची कबड्डी, किल्ल्याच्या मैदानावर, बघायला या.
त्याखाली दुसऱ्याच अक्षरात: नुसतं बघू नका, पाण्याचा जार आणा.
पंचफुलाबाईच्या लेकीला मुलगी झाली, हे तर
जन्मनोंदणीच्या मॅडमनी इथूनच उतरवून घेतलं.
खडू संपला की ओल्या बोटाला पीठ.
दुपारपर्यंत वाळून गळतं,
पण दुपारपर्यंत पुरतं.

मरणाचं मात्र मी लिहीत नाही.
गिरणी बंद दिसली की लोक आपणच विचारतात,
कोण?

परवा बालाजी सायकलवरून उतरला.
स्टँड लावला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.
हातात कागद दिला आणि पट्ट्याकडं बघत राहिला.
वाचेपर्यंत कुणाची तरी ज्वारी जाड पडली.
रस्ता रुंदीकरण. मालमत्ता क्रमांक चारशे सतरा. नऊ फूट.
म्हणजे जातं राहील, मोटर राहील,
जाईल ती भिंत.
“चिकटवू का?” तो म्हणाला.
म्हटलं, आजवर काही चिकटवलंय का हितं?
मी लिहितो.

लिहिलं. मोठ्या अक्षरात,
पाण्याच्या खाली, डुकरांच्या वर.
‘भिंत’वरचा अनुस्वार राहून गेला,
तर येऊन पिठाचं बोट टेकवलं.
हरकती पंधरा दिवसांत, लेखी.

संध्याकाळी डबे घेऊन सगळे उभे.
एरवी “पाणी कवा येऊलालंय?” म्हणून कलकलाट,
आज पट्ट्याचाच काय तो आवाज.
बशीर मिस्त्रीनं टेप काढला, गटारापासून मोजलं.
नऊ. परत मोजलं.
परत नऊ.
मग जैनबी डबा खाली ठेवून म्हणाली,
“भिंत जाऊ दे रे माणिक, मागल्या महिन्यात ॲम्ब्युलन्स हितंच अडकली होती.
फळा कुठं टांगणार, ते लिव.”

पहिली हरकत म्हणून तेच लिहिलं:
फळा कुठं?

सकाळी शटर उचललं तर खालची वीतभर जागा संपून
उत्तरं भिंतीवर उतरली होती, विटकरीनं, कोळशानं.
दर्ग्याच्या नळाजवळ. टाकीच्या जिन्याला. आमच्या दारावर, पण उन्हात नको.
अंगणवाडीत लावा, जरा खाली, लेकरांचा हात पुरला पाहिजे.
आणि अगदी वर, त्या पुसट पटाशेजारी,
कुणीतरी स्टूल घेऊन चढलं असणार,
नाव नाही, काही नाही,
नुसतं: हजर.

उद्या मंगळवार.
लिहायला जागा नव्हती.
थोडा वेळ फडकं हातात घेऊन उभा राहिलो,
मग डुकरांची ओळ पुसली
आणि तिथं पाणी लिहिलं,
पहाटे साडेतीन.