हमी नाही

बुरैमीत ऑगस्टात
पहाटे पाचलाच ऑपरेशन घ्यावं लागतं,
पत्रा तापायच्या आत.
डॉक्टर तिजानी सुदानचे, बोटं लांब, बोलणं थोडं.
मी परभणीचा डिप्लोमावाला,
पाय बांधणारा, जीभ ओढून धरणारा.

शेळी काळी, कान लोंबते, नाव दहमा.
गुन्हा एवढाच की ती ओरडते.
भिंतीपलीकडे लीलाम्मा नर्स,
रात्रपाळी करून सकाळी झोपू बघते.
ती भांडली नव्हती.
फणसाच्या गऱ्यांचा तळलेला पुडा घेऊन आली
आणि खलफानच्या दारातच रडली.

आदल्या दिवसापासून चारा बंद.
तरी डोकं उताराला ठेवायचं.
पोटातलं घशात आलं तर फुप्फुसात जातं,
मग आवाजच काय, शेळीच गप्प.
जबड्यात आकडा. टॉर्च माझ्या दातांत.
दिसल्या: दोन पांढुरक्या कडा,
भिजल्या हरभऱ्याच्या सालीएवढ्या.
एवढ्याशा जागेतून
गल्ली उठवणारा आवाज कसा निघतो,
मी विचारलं.
डॉक्टर म्हणाले, चिमटा.

दोन तुकडे कापसावर.
रक्त म्हणाल तर चमचाभर.

खलफाननं विचारलं, हमी किती?
मांस वाढतं, डॉक्टर म्हणाले,
जखम भरता भरता
कधी आवाजही परत उगवतो.
तीन महिने, सहा महिने. हमी नाही.

दुपारी ती उभी राहिली.
करडू सोडलं. ते ओरडलं.
तिनं मान ताणली, तोंड उघडलं,
बरगड्या आत गेल्या,
सगळं रोजच्यासारखं,
फक्त सायकलच्या चाकातून निघावी
तशी हवा आली.
करडू थबकलं,
दुसऱ्याच एका शेळीकडे धावलं, लाथ खाल्ली,
मग वास घेत घेत परत आलं
आणि आचळाला ढुशी दिली.
मी ट्रे धुवायला गेलो.
धुतलेलाच होता.

नोव्हेंबरात खलफानचा फोन.
आधी काहीच नाही, मग
फुटक्या पिपाणीसारखं, खरखरीत, लांबलचक
बेंऽऽ.
मग तो. पैसे परत पाहिजेत म्हणाला.
लीलाम्माला तर केव्हाच दिवसपाळी लागली,
तेही त्याच्याकडूनच कळलं.

डॉक्टर बाहेर गेलेत, मी सांगितलं.
ते समोरच चहा पीत होते.
फोन ठेवू नका, म्हटलं,
तिच्याजवळ न्या जरा.
नीट ऐकू आलं नाही.