भागिले दोन

घुमरे वकीलबाई कॅल्क्युलेटरवर बोट आपटतात:
तेवीस वर्षांचा फंड, भागिले दोन.
पेन्शनीत मात्र तुमचं नाव राहणार नाही, ताई.

न राहो.
पण जेल रोडवरची पहाट, चारचा स्टोव्ह,
प्रेसचा भोंगा व्हायच्या आत भरलेला डबा,
रात्रपाळीनंतरची त्याची झोप,
पोरीच्या तोंडावर हात ठेवून
मी भरदुपारी राखलेली –
ती कुठल्या रकान्यात?

'नॉमिनी'पुढचं माझं नाव
त्यानं पट्टी लावून खोडलं.
सरळ रेघ. सवयच ती:
एक ओळ तिरकी गेली
की अख्खा ताव रद्द.

सही करताना
स्टँप पेपर उजेडाला धरला.
नाशिकरोडचाच. कदाचित
त्याच्याच पाळीतला.

छपाई स्वच्छ आहे, म्हटलं.

आठ महिन्यांत पहिल्यांदा
त्यानं मान वर केली.