तंबाखूच्या डबीतला आवाज

किट्वे, त्र्याहत्तर साल.
तोवर आम्ही तीन-तीन मिनिटांची गाणी वाजवायचो,
चौघांचे कोट एकाच शिंप्याकडचे,
लग्न असो की खाणीच्या क्लबातला शनिवार,
लोक नाचायचे, बिअर संपायची, पैसे मिळायचे.

मग कापेम्ब्वानं एका मोडक्या रेडिओचं पोट फाडलं,
आतले दोन ट्रान्झिस्टर तंबाखूच्या डबीत बसवले
आणि गिटारची वायर डबीतून ओवून घेतली.
पहिला सूर आला तो
गांधीलमाशीनं पत्र्यावर नाव कोरावं तसा.
ब्वेम्ब्या म्हणाला, बिघडलंय.
कापेम्ब्वा म्हणाला, राहू दे.

त्या शनिवारी एक गाणं संपेचना.
मी ड्रमवर, परतीची वाट चाचपतोय,
हा आपला पुढंच चाललाय,
सूर ताणतोय, पिळतोय, उलटा घालतोय,
वरच्या पंख्याला पाती किती, तेही कळेना.
नाचणारे आधी थबकले,
मग खुर्च्या ओढून बसले.
मॅनेजर दारातून घड्याळ दाखवत राहिला.
एकोणीस मिनिटं.
टाळी एकही नाही.

सामान आवरताना म्हातारे चितालू जवळ आले.
चोवीस वर्षं भुयारात काढलेली, उजवा कान गेलेला.
डबीवर बोट ठेवून म्हणाले,
सुरुंग उडाल्यावर
धूळ खाली बसेपर्यंत
डोक्यात हेच वाजतं.
बायकोला कधी सांगता आलं नाही.

पुढच्या शनिवारी ते तिला घेऊन आले.
कोट आम्ही घरीच ठेवले होते.