आंधळी कोशिंबीर

दोन रात्री, तीन दिवस. घेंट.
स्वस्तातलं तिकीट, दोघांत एकच बॅग,
नोव्हेंबर म्हणून हॉटेल अर्ध्या दरात.
तू म्हणालास, थंडी फुकट मिळतेय, घेऊन टाकू.

पहिल्या दुपारी बोट.
सुकाणूवर लीव्हन, मांडीवर घोंगडी, घशात चार भाषा.
प्रत्येक पुलाखाली एकच विनोद, चारदा:
"माना खाली! गेल्या आठवड्यात एक उंच जर्मन होता."
बोटीतले दोन जर्मन सर्वांत जास्त हसले.
उजवीकडे धान्याची जुनी कोठारं, पायऱ्यापायऱ्यांच्या कपाळांची,
डावीकडे कुणाच्यातरी गॅलरीत
वाळत घातलेल्या तीन निळ्या चादरी,
खाली पाणी, कपात उरलेल्या चहासारखं.
माझ्या एकाही फोटोत तू नाहीस,
तुझ्या एकाही फोटोत मी नाही.

मग एका वळणावर लीव्हनने इंजिन बंद केलं.
बोट आपल्याच ओढीने सरकत राहिली
एका तळघराच्या दारापाशी.
पायरीवर एक बाई बटाटे सोलत होती,
नजर बटाट्यावर नाही, पाण्यावर नाही,
तोंड वर, ऊन असतं तर जिथे असतं तिकडे.
लीव्हन काही बोलला नाही. कुठल्याच भाषेत.
तिने एक साल पाण्यात टाकली. बदक आलं.
पूल आला.
"माना खाली!"

रात्री कळलं, तिचं नाव गोडेलीव्ह.
त्याच तळघरात जेवण, मिट्ट काळोखात.
फोन, घड्याळं, चमकणारं सगळं बाहेर कपाटात.
"पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवा," ती म्हणाली,
"घाबरू नका, मी जन्मापासून इथेच राहते."
आगगाडी-आगगाडी खेळणाऱ्या पोरांसारखे
आम्ही अकरा मोठी माणसं आत गेलो.

लहानपणी डोळ्यांवर रुमाल बांधून खेळायचो
त्या खेळाला आंधळी कोशिंबीर का म्हणतात,
मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.
आता ती समोर होती: गार, आंबटसर,
काट्याला न सापडणारी.
बोटांनीच खाल्ली.

"मासा आहे," तू म्हणालास. "नाही, मश्रूम. की मासाच?"
तुझा नुसता आवाज, चेहऱ्याशिवाय,
किती वर्षांनी ऐकला.
जरा घाबरट आहे तो.
लग्नाआधी फोनवर असाच यायचा.

कमानीखाली आवाज कुठूनही आल्यासारखा वाटतो.
मी अंदाजाने हात सरकवला.
पाव. सुरी. कसलंतरी ओलं.
मग एक हात. दाबला.
त्यानेही दाबला,
जरा उशिराने, पण घट्ट.
पुढचे दोन पदार्थ मी डाव्या हाताने जेवले,
आई बघत नाही याची खात्री असल्यासारखी.

कॉफीबरोबर मेणबत्त्या आल्या.
तू तिकडे तिरक्या कोपऱ्यात,
दोन्ही हातांनी पाव मोडून ताट पुसत होतास.
माझ्या बरोबर समोर एक म्हातारे गृहस्थ,
ऐंशीच्या घरातले, इस्त्रीचा कोट,
शेजारची खुर्ची रिकामी, तिच्यापुढे भरलेला पेला.
"ओमेर वांडाले," ते म्हणाले, सगळ्यांनाच.
मग ज्योतीकडे बघत राहिले,
उजव्या हातावर डावा ठेवून,
झाकण ठेवावं तसा.

गोडेलीव्हने यादी वाचली, बोटांनी.
मासा नव्हताच. सेलरीचा कंद, राखेत भाजलेला.
"फसलो!" तू हसलास.
मीही म्हणाले, फसलो.
माझी बशी उचलताना ती हळूच वाकली:
"तुमची सुरी आज एकदाही वाजली नाही."
मी म्हटलं, गरजच पडली नाही.

तिसऱ्या दिवशी स्टेशनवर जाताना पुलावर थांबलो.
बॅगेचं चाक दगडांत अडकलं होतं.
खालून लीव्हनची बोट आली, भरलेली,
आणि वळणाआधीच गप्प झाली.
"इंजिन बिघडलं वाटतं," तू म्हणालास.

डिझेल वाचवत असेल, मी म्हटलं,
आणि बॅगेची दुसरी कडी धरली.