भोंग्याला टोपी

एसी लावला तर छाती वाजते,
बंद केला तर घामोळं.
रुवीतल्या तिसऱ्या मजल्यावर
रिमोट हातात धरून मी उभा.
रात्रीचे अडीच.

सुनेत्रा ड्यूटीवर. फ्रीजवर तिची चिठ्ठी:
दोन थेंब, मग पंप. डोकं उंच.
दूध थोडं थोडं.
मध नाही, कोणी काही म्हणो.

तव्यावर ओवा भाजायला घेतला
तर छतावरचा धुराचा भोंगा बोंबलला.
खालून शफीकुल धावत आला, वॉचमन,
दारातच नाक वर करून म्हणाला, "जोआन?"
आणि स्टुलावर चढून त्यानं भोंग्याला
सुनेत्राची शॉवरची टोपी घातली.
त्याची मुलगी तीन वर्षांची.
फोनमध्येच रांगली, फोनमध्येच चालली.
जाताना त्यानं याच्या तळपायाला
एक बोट लावलं फक्त.

पंपाला घाबरतो हा. मान फिरवतो, निळा पडेपर्यंत रडतो.
शेवटी मीच तोंड लावलं त्या इवल्या नाकाला
आणि ओढलं.
खारट.
किळस येईल वाटलं होतं.

आता खांद्यावर बारीक घोरतोय,
मी बसलो की जागा होतो,
म्हणून चालतोय, मोरी ते गॅलरी, गॅलरी ते मोरी.
पुरचुंडी अजून कोमट आहे.
रिमोट कुठे ठेवला, आठवत नाही.